पूर्वज, वीर आणि अंगात येणारा देव: नगर जिल्ह्यातील मृतांचा इतिहास

१.
काल्पनिक जगांत रंगणाऱ्या रोलप्लेइंग खेळांत एक पात्र हमखास भेटते. गळ्यात हाडांच्या माळा, हातात डफ, भोवती धूर. ते मंत्र पुटपुटते आणि मेलेल्या पूर्वजांचे आत्मे त्याच्या मदतीला धावून येतात. या पात्राला ‘शमन’ म्हणतात. १९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ने या खेळप्रकाराचा पाया घातला, १९७८ साली आलेल्या ‘रूनक्वेस्ट’ने ग्लोरँथा नावाच्या आपल्या जगात शमन आणि पूर्वजपूजा यांना नियमांच्या चौकटीत मानाचे स्थान दिले. प्रश्न असा की, हे पात्र मराठी मुलखात शोधायचे ठरवले तर कोठे सापडेल? या थ्रेडमध्ये त्याचा शोध एकाच जिल्ह्यात, अहमदनगर अर्थात आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, घेतला आहे.

२.
ग्लोरँथामध्ये डाका फाल नावाचा एक देव आहे. तो मरण पावलेला पहिला मानव, आणि म्हणूनच मृतांचा न्यायाधीश. भारतीय वाचकाला येथे यमाची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील यमसूक्तात यम हा परलोकाची वाट पहिल्यांदा शोधून काढणारा आणि पितरांचा राजा आहे. अथर्ववेदात तर तो मर्त्यांपैकी पहिला मृत म्हणूनच येतो. खेळ रचणाऱ्यांची कल्पना वाटते तितकी परकी नाही. परकी आहे ती या खेळांतील सत्तेची मांडणी. तेथे आत्मा हा खेळाडूचा मदतनीस असतो. ही मांडणी नगरच्या पुराव्यांशी कितपत जुळते, ते पाहू.

३.
आधी शब्दाविषयी. ‘शमन’ हा शब्द सायबेरियातील एव्हेंकी लोकांच्या तुंगूस भाषेतून सतराव्या शतकात युरोपात पोहोचला. त्याचे मूळ संस्कृत ‘श्रमण’ शब्दात असावे, असेही काही अभ्यासकांनी सुचवले. पण ती व्युत्पत्ती सर्वमान्य झाली नाही. १९५१ साली मिर्चा एलियाद यांचा शमनविद्येवरील प्रसिद्ध फ्रेंच ग्रंथ आला आणि या शब्दाला जगभर एक ठरावीक अर्थ चिकटला. त्यांच्या मते खरा शमन तो, ज्याचा आत्मा देह सोडून वरच्या किंवा खालच्या लोकांत प्रवास करतो आणि परत येतो. खेळांतील शमनाच्या घडणीत या कल्पनेचा वाटा मोठा आहे.

४.
आता प्रवरेच्या काठी यावे. संगमनेर तालुक्यातील जोर्वे हे गाव एका संपूर्ण ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीला नाव देऊन गेले आहे. १९५०-५१ मध्ये ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी येथे उत्खनन केले. पुढे १९५४ ते १९५६ या काळात त्याच नदीवरील नेवासे येथे, आणि नंतर श्रीरामपूर तालुक्यातील दायमाबाद येथे मोठी उत्खनने झाली. जोर्वे संस्कृतीचा काळ साधारणपणे इ. स. पू. १४०० ते ७०० असा मानतात. लाल पृष्ठभागावर काळी नक्षी असलेली, तोटीची भांडी ही तिची ओळख. पण येथे महत्त्वाची आहे ती तिची दफनपद्धती.

५.
या लोकांनी आपले मृत गावाबाहेर नेले नाहीत. घराच्या जमिनीखाली किंवा अंगणात त्यांनी त्यांना पुरले. लहान मुले दोन मातीच्या कुंभांत, तोंडाला तोंड लावून, आडवी ठेवलेली आढळतात. नेवासे येथे अशी बालदफने मोठ्या संख्येने मिळाली. वर चूल पेटत होती, दळण चालू होते, मुले खेळत होती आणि त्याच जमिनीखाली हातभर अंतरावर घरातलेच मूल निजलेले होते. मृताला परके न मानण्याची याहून स्पष्ट साक्ष दुसरी कोणती असणार?

६.
या संस्कृतीतील सर्वांत बोलका पुरावा मात्र जिल्ह्याच्या सीमेपलीकडे, घोड नदीवरील इनामगाव येथे (तालुका शिरूर, जिल्हा पुणे) सापडला. १९६८ ते १९८३ या काळात तेथे उत्खनन चालले. प्रौढ मृतांचे घोट्याखालचे पाय पुरण्यापूर्वी तोडलेले होते. मृताने घर सोडून जाऊ नये, भूत होऊन भटकू नये, हा त्यामागचा हेतू असावा, असा अंदाज उत्खनन करणाऱ्यांनी मांडला. एक दफन याला अपवाद होते. पाच खोल्यांच्या एका घराच्या अंगणात चार पायांच्या मोठ्या रांजणात सुमारे चाळीस वर्षांचा पुरुष बसलेल्या अवस्थेत मिळाला, आणि त्याचे पाय शाबूत होते. तो गावाचा प्रमुख असावा, असे मानले जाते.

७.
पुरातत्त्वात श्रद्धा थेट सापडत नाही. सापडतात त्या तिच्या खुणा. म्हणून येथे जपून बोलावे लागते. तरीही दोन गोष्टी दिसतात. पहिली, मृत व्यक्ती घराचा भाग राहावी, ही इच्छा. दुसरी, ती मोकळी सुटली तर काय होईल, ही भीती. माया आणि धास्ती यांची ही जोडी पुढील तीन हजार वर्षांत अनेकदा भेटते. जोर्वे संस्कृतीपासून आजच्या रूढींपर्यंत अखंड परंपरा चालत आली, असा दावा मात्र करता येत नाही. मधली अनेक शतके मूक आहेत. साम्य दाखवता येते, वारसा सिद्ध करता येत नाही.

८.
मौन फुटते ते दगडांतून. गावच्या वेशीवर, मारुतीच्या पारावर, जुन्या शिवालयाच्या आवारात उभे असलेले वीरगळ जिल्ह्यात अनेक ठिकाणी आढळतात. महाराष्ट्रातील पुष्कळ वीरगळ यादवकाळाच्या आसपासचे मानले जातात. त्यांची वाचनपद्धती खालून वर जाते. तळाच्या चौकटीत पडलेला वीर, बऱ्याचदा शेजारी गाई. त्यावर लढाईचा प्रसंग. त्यावर वीराला स्वर्गाकडे नेणाऱ्या अप्सरा. सर्वांत वर शिवलिंगाची पूजा करणारा वीर, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य: ते आहेत तोवर कीर्ती राहील, ही ग्वाही.

९.
कर्नाटकातील वीरगळांवर अनेकदा लेख असतात. महाराष्ट्रातील बहुसंख्य वीरगळ मात्र लेखाविना आहेत. कोणाची गुरे वळवून नेली, कोण आडवा गेला, कोण पडला, हे सारे चित्रात आहे, नाव नाही. नाव गावाच्या तोंडी होते. पिढ्या सरल्या, तोंडे गेली, नाव पुसले गेले आणि दगड उरला. मग त्या दगडाला शेंदूर लागला. निनावी वीर कोठे म्हसोबा झाला, कोठे नुसताच ‘वीर’ राहिला. इतिहास विसरला गेला. नाते मात्र तुटले नाही.

१०.
वीराचा देव कसा होतो, याचा सर्वांत सखोल शोध ज्यांनी घेतला ते गुंथर सोन्थायमर (१९३४–१९९२) हे जर्मन अभ्यासक. हायडेलबर्ग विद्यापीठाचे प्राध्यापक असलेले सोन्थायमर वर्षानुवर्षे महाराष्ट्रात धनगरांबरोबर हिंडले. बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांवरील त्यांचा जर्मन ग्रंथ १९७६ साली आला, तर १९८२ साली एस. सेट्टर यांच्यासह त्यांनी भारतातील स्मारकशिलांवरील ग्रंथ संपादित केला. बिरोबा अथवा विरोबा या नावातच ‘वीर’ दडलेला आहे. मेंढरांच्या राखणीत, वाटेवर, झुंजीत मेलेला माणूस आणि कळपाचा रक्षणकर्ता देव यांतील रेषा येथे अतिशय पुसट होते.

११.
ही भूमी धनगरांची आहे, याचे स्मरण जिल्ह्याचे नवे नाव रोज करून देते. ज्या अहिल्याबाई होळकरांच्या नावावरून २०२४ साली नामांतर झाले, त्यांचा जन्म १७२५ साली जामखेड तालुक्यातील चोंडी येथे धनगर कुटुंबात झाला. पारनेर-संगमनेरच्या कोरड्या पठारांवरील मेंढपाळ दिवाळीनंतर कोकणाकडे उतरतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. वाड्याबरोबर देवही हिंडतात. ज्या समाजाला कायमची चूल नाही, त्याचे पूर्वज जमिनीखाली राहू शकत नाहीत; ते घोड्याच्या पाठीवरून सोबत निघतात.

१२.
या हिंडत्या देवांचे रूप म्हणजे टाक. चांदीच्या किंवा पितळेच्या छोट्या पत्र्यावर ठोकून उठवलेली आकृती. धनगरांतच नव्हे, तर मराठा, कोळी, माळी आणि इतर अनेक समाजांच्या देवघरांत खंडोबा, भवानी, भैरोबा यांच्या टाकांशेजारी एखादा टाक घरातल्या वीराचा असतो. नाशिक परिसरात धुळवडीच्या दिवशी असे टाक खोबऱ्याच्या वाटीत ठेवून वाजतगाजत मिरवतात, त्यांना गोदावरीत स्नान घालतात. या वीरांच्या मिरवणुकीत पूर्वज वर्षातून एकदा रस्त्यावर येतो, नाचतो आणि पुन्हा देवघरात जाऊन बसतो.

१३.
सगळेच मृत मात्र वीर होत नाहीत. मराठी लोकसमजुतीत मृतांची एक तपशीलवार वर्गवारी आहे. मुंज झाली पण लग्न झाले नाही असा मुलगा मुंजा होऊन पिंपळावर राहतो. बाळंतपणात मेलेली स्त्री हडळ होते. निपुत्रिक ब्राह्मण समंध होतो. पाण्याच्या काठी साती आसरा असतात आणि या साऱ्या गणांचा राजा वेताळ. ही यादी नीट वाचली तर तिच्यामागचे सूत्र दिसते: ज्यांचे आयुष्य मध्येच तुटले, ज्यांचे लग्न, मूल किंवा वंश अपुरा राहिला, ते भटकतात. जिवंतांच्या समाजाने कोणते आयुष्य ‘पूर्ण’ मानले, याचा हा उलटा आरसा आहे. त्यातही बाळंतिणीचा मृत्यू हा ज्या काळी घरोघरी घडणारा अपघात होता, त्या काळाने त्या स्त्रीलाच भयाचे रूप द्यावे, ही गोष्ट विसरण्याजोगी नाही.

१४.
आता मूळ प्रश्नाकडे. मृतांशी बोलतो कोण? धनगरांत देवऋषी, अकोले तालुक्यातील महादेव कोळी आणि ठाकर समाजांत भगत. तो धान्याचे दाणे पाहून निदान करतो, देवाला कौल लावतो, आणि काही वेळा त्याच्या अंगात येते. ढोलांचा ठेका चढतो, अंग थरथरते, आवाज बदलतो. पाऊस कसा पडेल, रोगराई कोठून येईल, याविषयी देव त्याच्या मुखाने बोलतो. धनगरी परंपरेत यालाच भाकणूक म्हणतात. एलियाद यांच्या व्याख्येत हा माणूस बसत नाही. याचा आत्मा कोठेही प्रवासाला जात नाही. प्रवास देव करतो, आणि माणूस म्हणजे त्याच्या उतरण्याची जागा.

१५.
मराठी भाषेनेच येथे एक बारीक भेद करून ठेवला आहे. देव ‘अंगात येतो’, वारे ‘येते’, संचार ‘होतो’. भूत मात्र ‘लागते’, ‘झपाटते’, त्याची ‘बाधा’ होते. महाराष्ट्रातील संचारावर लिहिणारे अमेरिकी अभ्यासक जॉन स्टॅन्ली यांनी या दोन अनुभवांतील अंतर दाखवून दिले. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्हींत सारखेच घुमणे दिसते. समाजाच्या लेखी एक मान आहे आणि दुसरा आजार. एकाला ओवाळतात, दुसऱ्याला उतरवतात. कोणता अनुभव कोणता, हे ठरवण्याचा अधिकार ज्याच्या हाती, त्याच्या हाती फार मोठी सत्ता असते.

१६.
अकोले तालुक्यातील दोन स्थळे या संदर्भात पाहण्याजोगी आहेत. पहिले कळसूबाई: १६४६ मीटर उंचीचे, महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर. कथा सांगते की, कळसू ही कोळ्याची मुलगी. पायथ्याशी एका घरी ती कामाला राहिली ती एका अटीवर: भांडी घासणे आणि केर काढणे ही कामे सांगायची नाहीत. एके दिवशी अट मोडली. तिने ते काम केले आणि डोंगरावर निघून गेली, ती कायमची. राज्यातील सर्वांत उंच जागी एका मोलकरणीचे देऊळ आहे. तिच्या कथेत चमत्कार जवळजवळ नाही. आहे तो मोडलेला शब्द आणि त्याची न फिटलेली बाकी.

१७.
दुसरे स्थळ कौठेवाडी. येथील बिरोबाची यात्रा अक्षय्य तृतीयेच्या सुमारास रात्री भरते आणि ‘कठ्याची यात्रा’ म्हणून ओळखली जाते. मातीच्या घागरीत लाकडे रचून पेटवतात, वरून तेल घालतात आणि असा धगधगता कठा डोक्यावर घेऊन भक्त देवळाभोवती फेऱ्या मारतात. निखारे उडतात, तेल उघड्या पाठीवर ओघळते. बिरोबा भाजू देत नाही, अशी श्रद्धा. योगायोग असा की, उत्तर महाराष्ट्रात याच तिथीला पूर्वजांच्या नावाने पाण्याची घागर भरतात. एकीकडे पाण्याची घागर, दुसरीकडे विस्तवाची. दोहोंचा ऐतिहासिक संबंध जोडण्यास पुरावा नाही. पण दोन्ही ठिकाणी माणसे देणे फेडायलाच आलेली असतात.

१८.
खेळांतील शमनाच्या खरोखर जवळ जाणारे पात्र जिल्ह्यात आहे, पण ते वेगळ्या परंपरेत. पाथर्डी तालुक्यातील मढी येथे कानिफनाथांची समाधी आहे आणि नाथ संप्रदायाशी जोडलेली अनेक स्थाने या डोंगरपट्ट्यात विखुरलेली आहेत. १८१९ साली धुंडीसुत मालू नरहरी याने रचलेल्या चाळीस अध्यायांच्या ‘नवनाथ भक्तिसारा’त शाबरी विद्येची कथा येते. मच्छिंद्रनाथ बावन्न वीरांना वश करून घेतात. ते मंत्राला बांधले जातात, हाक मारताच धावून येतात. अस्त्रे, भस्म, गुरूकडून मिळणारी सिद्धी, विद्या मिळवण्याच्या चढत्या पायऱ्या: मराठीत जादूची नियमबद्ध व्यवस्था कोठे असेल, तर ती येथे.

१९.
‘वीर’ हा एकच शब्द, पण त्याचे दोन अर्थ किती दूर गेले ते पाहावे. धनगराच्या टाकावरील वीर घरातला वडीलधारा आहे. त्याला नमतात, जेवू घालतात, तो रुसला तर समजूत काढतात. शाबरी मंत्रातील वीर चाकर आहे. त्याला आज्ञा देतात. पहिल्या जगात सामर्थ्य नात्यातून येते, दुसऱ्यात विद्येतून. रोलप्लेइंग खेळांनी बहुतांशी दुसरे जग उचलले, कारण आज्ञा नियमात बसवता येते. नात्याला गुण देणे अवघड. तरीही नाथपंथाला निव्वळ मंत्रतंत्रात कोंबणे अन्यायाचे होईल. ज्ञानेश्वरांची गुरुपरंपरा मच्छिंद्र, गोरक्ष, गहिनी आणि निवृत्ती अशी नाथांचीच आहे.

२०.
आणि याच परंपरेतून या साऱ्यावर पहिली धारदार टीका आली, तीही याच जिल्ह्यात. शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० मध्ये ज्ञानेश्वरी पूर्ण झाली ती प्रवरेकाठच्या नेवासे येथे. तिच्या तेराव्या अध्यायात अज्ञानाची लक्षणे सांगताना ज्ञानेश्वर अशा माणसाचे चित्र रंगवतात, जो चतुर्थीला गणपतीचा, चतुर्दशीला दुर्गेचा, रविवारी भैरवाचा आणि सोमवारी शिवाचा होतो. निष्ठा एका ठायी ठरत नाही. टीका उपहासाची आहे, पण इतिहासाच्या दृष्टीने ती तेराव्या शतकातील लोकधर्माची नोंदवहीसुद्धा आहे. ज्या टेकाडाखाली ताम्रपाषाणयुगीन मुले कुंभांत निजली होती, त्या गावी हे लिहिले गेले.

२१.
पुढची मोठी नोंद परक्या राज्यकर्त्यांची. नगर जिल्ह्यातील पोलीस दलाचा अधिकारी कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंटॉश याने १८३०च्या दशकात महादेव कोळ्यांवर सविस्तर लेखन केले. १८८४ साली जेम्स कॅम्पबेल याने संपादित केलेल्या मुंबई गॅझेटियरचा नगर जिल्ह्याचा खंड आला. देव, भुते, भगत, नवस यांची त्यांनी दिलेली माहिती आजही अमूल्य आहे. पण ती कशासाठी गोळा झाली, हे विसरता कामा नये. याच डोंगरांत राघोजी भांगरे यांनी बंड केले होते आणि १८४८ साली त्यांना ठाण्यात फाशी दिली गेली. पोलीस अधिकाऱ्याला जमातीचे देव माहीत करून घ्यायचे होते, कारण जमात ताब्यात ठेवायची होती.

२२.
हा विषय केवळ भूतकाळाचा नाही. सर्पदंश झालेल्या माणसाला दवाखान्याऐवजी मांत्रिकाकडे नेले, म्हणजे काय होते, हे सांगावे लागत नाही. मनोविकाराला बाधा ठरवून होणारी मारहाण, करणीच्या संशयावरून होणारा छळ, आणि या छळात बहुधा एखाद्या विधवेचा किंवा एकाकी वृद्धेचा जाणारा बळी, हीही याच परंपरेची एक बाजू आहे. १९८९ साली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन करणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी यासाठी कायद्याचा आग्रह धरला. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. त्यानंतर अवघ्या काही दिवसांत वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात विधिमंडळाने जादूटोणाविरोधी कायदा संमत केला.

२३.
या कायद्याचे स्वरूप लक्षात घेण्याजोगे आहे. नवस, यात्रा, प्रदक्षिणा, पूजा यांना तो हात लावत नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे, अंगात अतींद्रिय शक्ती असल्याचे भासवून इतरांना भीती घालणे, साप-विंचू-कुत्रा चावलेल्यास उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे, हे गुन्हे ठरवले आहेत. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे. कायद्याने रेषा ओढली ती श्रद्धा आणि इजा यांच्यामध्ये. देव अंगात येणे आणि भूत लागणे यांत भाषेने केलेला भेद जुना आहे. दोहोंच्या निमित्ताने माणसाला काय सोसावे लागले, हा प्रश्न नवा आणि अधिक महत्त्वाचा आहे.

२४.
मानववंशशास्त्रज्ञ आय. एम. लुईस यांनी १९७१ साली मांडलेला विचार येथे उपयोगी पडतो. ज्यांना एरवी बोलण्याची मुभा नसते, त्यांना संचार हा बोलण्याचा मार्ग मिळवून देतो, असे त्यांचे निरीक्षण. सासरी तोंड उघडू न शकणाऱ्या स्त्रीच्या अंगात देवी आली, म्हणजे सासूही हात जोडते. त्या काही क्षणांत जे बोलले जाते, ते एरवी कोणी ऐकले नसते. हे समजून घेणे म्हणजे त्या प्रथेची भलामण करणे नव्हे. देवीवाचून तिचे ऐकले जाईल असे घर उभे राहिले, तर ती प्रथा आपोआप निष्प्रभ होईल. ते उभे राहीपर्यंत केवळ तिला हसणाऱ्याने आपण नेमके कोणाला गप्प करतो आहोत, याचा विचार करावा.

२५.
आता पुन्हा खेळाकडे. नगरच्या मातीतून एखादा रोलप्लेइंग खेळ रचायचा झाला, तर त्यातील शमनाचे नियम बदलावे लागतील. पूर्वज हाक मारताच येणार नाही. आधी त्याचे काय राहून गेले, ते शोधावे लागेल. त्याची मदत घेतली की, ती परत फेडावी लागेल. भगताच्या तोंडून जे बोलले जाईल, ते त्याच्या हातात नसेल आणि कदाचित त्याच्याच विरुद्ध असेल. शिवाय ते खरे मानायचे की नाही, हे गाव ठरवील. सामर्थ्य एकट्याच्या अंगी नसेल, ते जिवंत आणि मृत यांच्या दरम्यानच्या व्यवहारात असेल. असा खेळ जिंकणे कठीण, पण तो त्या लोकांना अधिक प्रामाणिक ठरेल, ज्यांच्याकडून ही कल्पना उसनी घेतली.

२६.
ज्यांच्या घरी कागद नव्हता, त्यांनी आपला इतिहास टाकांत, कथांत, डोंगरांच्या नावांत आणि शेंदूर लावलेल्या दगडांत ठेवला. बखरी आणि सनदा त्यांच्या नव्हत्या. त्यामुळे रस्ता रुंदावताना एखादा वीरगळ उखडला गेला किंवा देवळाच्या जीर्णोद्धारात पायात गाडला गेला, तर एका गावाचे बहुधा एकमेव दप्तर जाते. शेंदराचे थर चढतात तेव्हाही तेच घडते. शिल्प हळूहळू बुजते. गावच्या वेशीवर असा दगड दिसला, तर तो हलवू नये, खरवडू नये. त्याची जागा, मोजमाप आणि छायाचित्र नोंदवावे, आणि पाराजवळ बसलेल्या म्हाताऱ्या माणसांना विचारावे: हा कोण? उत्तर मिळण्याची शक्यता दर वर्षी कमी होत आहे.